गण म्हणजे तीन की पाच? कविता आणि ताल एकत्र शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

आमच्याकडे बडोद्यात दांडिया बाजारच्या घरी रविवारी संध्याकाळी चार-पाच मुलं येतात, मराठी कविता म्हणायला, सगळी गुजराती नाहीतर इंग्लिश मीडियमची, घरात मराठी बोलतात पण मराठी व्याकरण शाळेत नाही. त्यातली एक मुलगी तबलाही शिकते. तिने परवा विचारलं, "काका, शाळेत छंदात गण म्हणजे तीन अक्षरं, मग तबल्याच्या क्लासला खंड म्हणजे पाच का? आणि तिथेच कधी झपतालाचे चार खंड असंही म्हणतात, मग खंड पाच की चार?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि नव्याने शिकणारा प्रत्येक जण इथेच अडकतो, कारण लहान गुच्छांना आपल्याकडे जे शब्द आहेत, गण, खंड, जाती, ते कवितेतही वापरतात आणि तालातही, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी वस्तू मोजतात. कुठे अक्षरं, कुठे मात्रा (म्हणजे वेळेचं माप), कुठे टाळ्या. म्हणून हे सगळं तिला सांगितलं त्याच क्रमाने इथे लिहितोय. एक पेन्सिल घ्या, आणि दोन्ही हात मोकळे ठेवा, टाळ्या वाजवायच्यात.

पायरी १: आधी विचारा, मोजतोय काय?

कुठलाही शब्द आला की पहिला प्रश्न हाच. वृत्तातला गण अक्षरं मोजतो, तीन-तीन अक्षरांचा एक. मात्रांचा गण असतो तो मात्रा मोजतो, अक्षरं कितीही असोत. आणि तमाशातला गण काहीच मोजत नाही, ते सुरुवातीचं गणपतीचं नमन, त्याच्यामागून गवळण येते. आजोबांच्या तोंडी "गण झाला का?" हे वाक्य असायचं ते त्या अर्थाने. मूळ शब्द समूहाचा आहे, शंकराचे गण म्हणतो तोच, आणि गणपती म्हणजे त्या गणांचा मालक.

पायरी २: लघु आणि गुरू ओळखा

ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. अ, इ, उ, ऋ असलेलं अक्षर ऱ्हस्व, बाकी सगळं दीर्घ. अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर ऱ्हस्वाचंही गुरू होतं. पुढे जोडाक्षर असेल आणि त्याचा धक्का मागच्या अक्षरावर बसत असेल तर मागचं अक्षर गुरू, जसं "सत्य" मधला स.

इथे मराठीची एक खास गंमत आहे जी गुजराती शाळेतून आलेल्या मुलांना मुद्दाम सांगावी लागते. तुझ्या, तुम्ही, पुन्हा, तळ्याला, या शब्दांत जोडाक्षर दिसतं पण धक्का बसत नाही, त्यामुळे तु, पु, त हे लघुच राहतात. "उद्या" मध्ये मात्र बसतो, आपण उद्-द्या असंच बोलतो ना. शंका आली की शब्द मोठ्याने बोला, डोळ्याने ठरवू नका, जोडाक्षर डोळ्याला नेहमी सारखंच दिसतं.

लिहिताना लघुला ल, गुरूला गा. बस, एवढ्यावर पुढचं सगळं उभं आहे.

पायरी ३: आठ गण

प्रत्येक अक्षर दोनपैकी एक, लघु किंवा गुरू, आणि गट तीन अक्षरांचा, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठच प्रकार होऊ शकतात, नववा नाही. हे आधी कळलं की पाठांतराची भीती जाते.

पाठ करायला यमाताराजभानसलगं हा एकच शब्द पुरतो, आमच्या बडोद्याच्या मुलांना तो गुजराती व्याकरणाच्या तासाला पाठ झालेलाच असतो, फक्त शेवटी "लगा" म्हणतात. ज्या गणाचं लक्षण हवंय त्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं वाचा. य पासून "यमाता", म्हणजे लगागा, हा य गण. र पासून "राजभा", गालगा, हा र गण. न पासून "नसल", तिन्ही लघु. मराठी शाळेतल्या जुन्या लोकांना शब्दांनी पाठ असतं: यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा. दोन्हीपैकी जे जिभेला सोपं ते घ्या. मला स्वतःला शब्दांचं जास्त आवडतं कारण "राधिका" म्हटलं की गालगा ची चाल आपोआप तोंडात येते.

पायरी ४: त्याच आठ गणांच्या मात्रा मोजा

ही पायरी बरेच जण गाळतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. गण तीन अक्षरांचा आहे म्हणजे तीन मात्रांचा आहे असं डोक्यात बसतं. तसं नाहीये. मोजून बघा.

नमन: १+१+१, तीन मात्रा.
भास्कर, जनास, समरा: प्रत्येकी चार.
यमाचा, राधिका, ताराप: प्रत्येकी पाच.
मानावा: २+२+२, सहा.

म्हणजे आठ गणांत एक तीन मात्रांचा, तीन गण चारचे, तीन गण पाचचे आणि एक सहाचा. आता तबल्याच्या क्लासमधलं आठवा: तिस्र म्हणजे तीन, चतस्र म्हणजे चार, खंड म्हणजे पाच. नमन तिस्र झालं, भास्कर चतस्र झालं आणि राधिका खंड. त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आलं. शाळेतले सर अक्षरं मोजून तीन म्हणत होते, तबल्याचे सर मात्रा मोजून पाच म्हणत होते, आणि राधिका या शब्दात दोघंही बरोबर आहेत.

पायरी ५: मनाचा श्लोक घ्या आणि हाताने वाजवा

माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग हाच, आणि यावर घाई करू नका, एक अख्खा रविवार द्या.

गणाधीश जो ईश सर्वा गुणांचा

ही ओळ मराठी घरात सगळ्यांना येते. वृत्त भुजंगप्रयात, चार य गण. पेन्सिलीने तोडा:

गणाधी । शजोई । शसर्वा । गुणांचा

लगागा, लगागा, लगागा, लगागा. बारा अक्षरं, प्रत्येक गण पाच मात्रांचा, एकूण वीस मात्रा. पुस्तकाच्या हिशोबाने काम झालं.

आता पेन्सिल खाली ठेवा आणि तीच ओळ म्हणताना मांडीवर थाप द्या, विचार न करता, जिथे पडेल तिथे. बघा थाप कुठे पडते. "ग" वर पडत नाही! ती "णा" वर पडते. पहिला ग हा थापेच्या आधी हवेत राहतो, जसं गाणारा समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी उठान घेतो तसं. म्हणजे पुस्तकाचा गण ग पासून सुरू झाला आणि हाताचा गुच्छ णा पासून. आता णा पासून मात्रा मोजा:

णा (२) । धीश (३) । जो (२) । ईश (३)
सर् (२) । वागु (३) । णां (२) । चा आणि पुढच्या ओळीचा पहिला लघु (३)

दोन-तीन-दोन-तीन, दोन-तीन-दोन-तीन. हा झपताल आहे, त्याचे तबल्यावरचे बोल असे: धी ना । धी धी ना । ती ना । धी धी ना. दहा मात्रांची दोन आवर्तनं, म्हणजे तालाचे दोन पूर्ण फेरे, एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. पुढच्या ओळीचा पहिला लघु मागच्या आवर्तनाची शेवटची मात्रा भरतो, म्हणून मनाचे श्लोक म्हणताना एका ओळीतून दुसरीत आपण न थांबता घरंगळत जातो, आणि २०५ श्लोक असे सलग म्हणता येतात.

मी हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा माझी चूक अशी झाली की मी ग वरच सम धरली, कारण गण तिथून सुरू होतो असं पुस्तकात होतं, आणि मग दुसऱ्याच शब्दाला सगळं ओढाताण व्हायला लागलं, ठेका पळतोय आणि श्लोक मागे. आजी बाजूला निवडत बसली होती, ती म्हणाली, "अरे ग सोडून दे की, णा ला पकड." तिला गण माहीत नव्हते, तिने लहानपणापासून रोज संध्याकाळी दिव्यापाशी ते म्हटलेलं होतं एवढंच.

तर लक्षात ठेवायचं ते असं, पुस्तकाचा गण ओळ ओळखायला, हाताचा गुच्छ ओळ म्हणायला. दोन्ही हवेत.

याचं भावंड बघायचं असेल तर चार र गणांचं वृत्त घ्या, स्रग्विणी. मी मुलांसाठी एक ओळ केलीय, सूरसागर तलावाच्या काठी बसून:

सांज झाली उभे दीप पाण्यावरी

सांजझा । लीउभे । दीपपा । ण्यावरी. गालगा चार वेळा, पुन्हा वीस मात्रा. पण इथे पहिलंच अक्षर गुरू असल्यामुळे थाप सरळ "सां" वर येते, हवेत काहीच राहत नाही. सां (२) जझा (३) ली (२) उभे (३). तोच झपताल, पण उठान नाही. या दोन ओळी पाठोपाठ म्हणून बघा, चालीतला फरक लगेच जाणवेल, एक पायरी चढून आत येते आणि दुसरी आतच उभी असते.

पायरी ६: गण म्हणजे थांबायची जागा नाही

नवीन माणूस गण पाडायला शिकला की तसाच वाचायला लागतो, गणागणाला थांबत. कृपया हे करू नका, कविता मरते. थांबायच्या जागेला यती म्हणतात आणि ती वेगळी असते. मंदाक्रांता बघा: म भ न त त आणि शेवटी दोन गुरू, १७ अक्षरं. आमची मुलं गुजरातीत हे "मभनततगागा" असं एका दमात म्हणतात. यती ४, मग ६, मग ७ अक्षरांवर. नमुन्याला ही ओळ घ्या (वृत्तासाठी हळुहळु ऱ्हस्व लिहिलंय):

रात्री येते हळुहळु कशी सूर लागे तळ्याला

गण पाडले तर: रात्रीये । तेहळु । हळुक । शीसूर । लागेत । ळ्याला. शब्दांचे पार तुकडे झाले. आणि म्हणायची कशी? रात्री येते, थांबा, हळुहळु कशी, थांबा, सूर लागे तळ्याला. चार मोठी पावलं, मग पाच भराभर लघु आणि एक गुरू, मग झोका. पहिली यती दुसऱ्या गणाच्या मधोमध येते हे बघितलंत? गण मोजायचं माप आहे, मापाच्या रेघा कापडावर राहू द्यायच्या नाहीत. (तळ्याला मधला त लघु धरलाय, पायरी २ आठवा.)

पायरी ७: मात्रांचा गण

भावगीतं, ओव्या सोडून बरीच गाणी, आरत्या यांत अक्षरांचे गण शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. तिथे गुच्छ मात्रांचा असतो, सहाचा किंवा आठचा बहुतेक वेळा. सहाच्या चालीला भृंगावर्तनी म्हणतात, भुंग्याला पाय सहा, आठच्या चालीला पद्मावर्तनी, कमळ आठ पाकळ्यांचं. अशा रचनांना मात्रावृत्त म्हणतात, आणि जाती असाही शब्द आहे, हा तालातल्या जातीपेक्षा वेगळा.

चांदोबा । झोप तुला । आली का । सांग मला

चांदोबा तीन अक्षरं, झोप तुला चार अक्षरं, पण दोन्हीकडे मात्रा सहाच. आणि अजून बारीक बघा: चांदोबा २+२+२ असं चालतं आणि झोप तुला ३+३ असं. एकाच सहाचे दोन वेगळे तुकडे शेजारी शेजारी. दादऱ्याचा ठेका, तीन-तीनचा, मोबाइलवर लावा आणि वर हे म्हणा, "चांदोबा" ठेक्याला थोडं आडवं जातं आणि "झोप तुला" बरोबर मांडीला मांडी लावून बसतं. त्या आडवं जाण्यातच गोडवा आहे, तो सपाट करू नका.

अभंग आणि ओवी मात्र वेगळंच घर आहे, तिथे लघु-गुरू बघायचंच नाही, नुसती अक्षरं मोजायची. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारचा. त्यात गण पाडू नका.

पायरी ८: तालातले शब्द

आता तिच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं. तालाचे जे भाग पडतात त्यांना विभाग म्हणतात, बरेच जण खंडही म्हणतात. त्रितालात चार-चारचे चार, रूपकात ३-२-२, एकतालात दोन-दोनचे सहा, दीपचंदीत ३-४-३-४, धमारात ५-२-३-४. तेव्हा "झपतालाचे चार खंड" म्हणजे चार तुकडे. आणि "खंड जाती" म्हणजे पाचाचा गुच्छ. शब्द एक, कामं दोन, वाक्यात "जाती" किंवा "लय" जोडलेलं असेल तर पाच समजा, मागे आकडा असेल तर तुकडे समजा. क्लासमध्ये सरांना सरळ विचारलं तरी चालतं, कोणी रागवत नाही.

जाती पाच: तिस्र ३, चतस्र ४, खंड ५, मिश्र ७, संकीर्ण ९. तालाच्या एका मात्रेत, म्हणजे एका टाळीत, किती बोल बसवले त्याचा हा हिशोब. रागाचीही जाती असते, औडव, षाडव, संपूर्ण, ती स्वर मोजते, त्या भानगडीत आज पडू नका.

करून बघा: सावकाश टाळी द्या, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) असेल तर ६० वर ठेवा. चार टाळ्या "बडबड" म्हणा, टाळीला एकदा. मग टाळी तशीच ठेवून चार टाळ्या "नमन" म्हणा. टाळी बदलली नाही, आतला गुच्छ चारचा तीन झाला. हेच तिस्र. गिटार किंवा कीबोर्ड शिकणारी मुलं याला ट्रिप्लेट म्हणतात, दोन स्वरांच्या जागेत तीन समान स्वर, वर छोटा ३ चा आकडा लिहिलेला. चुकतं कुठे, तर "नमन" म्हणताना न-म भराभर आणि शेवटचा न लांब, असं होतं. तिन्ही सारखे यायला हवेत. आणि तिगुनशी गल्लत करू नका, तिगुन म्हणजे अख्खा ठेका तिप्पट वेगात.

ज्यांना टाळ्या जमत नाहीत असं वाटतं त्यांनी नवरात्रात कुठल्याही मैदानावर जाऊन उभं राहावं, बडोद्यात त्याची कमी नाही. त्रण ताळीचा गरबा चालू असताना पाय बघू नका, हात बघा. तीन टाळ्या आणि एक जागा रिकामी, त्या रिकाम्या जागेत वळण घेतात. ती रिकामी जागाही गुच्छातच मोजायची, आपल्या तालातली खाली (टाळी न देता सोडलेली जागा) तशीच मोजतात. आमच्या गल्लीतल्या साठीच्या बायकासुद्धा ती रिकामी जागा एक कणभर चुकवत नाहीत, आणि त्यांच्यातली एकही तालाच्या क्लासला गेलेली नाही.

कुठे शिकावं, काय वाचावं

बडोद्यात राहून हे शिकायला मिळतं याची मला फार किंमत वाटते. सयाजीरावांच्या काळात गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली, तीच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली, सूरसागरसमोर, रोज त्या रस्त्याने जातो आपण. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती १९१६ मध्ये, तीही बडोद्यातच. आणि मराठी छंदांचा सगळा पसारा ज्यांनी छंदोरचना या ग्रंथात लावून ठेवला ते माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, त्यांचा जन्म १८९४ सालचा, आपल्या बडोद्याचा. तो ग्रंथ पहिल्या दिवशी उघडू नका, जाडजूड आहे. आधी महिनाभर रोज एक श्लोक घ्या, पेन्सिलीने गण पाडा, मग हाताने थाप शोधा, दोन्ही वेगळं आलं तर दोन्ही लिहून ठेवा.

पुढच्या रविवारसाठी मुलांना ही ओळ दिलीय, तुम्हीही घ्या:

मला भेटला आज वाटेत वारा

गण कुठले ते तुम्ही काढा. झपतालावर म्हणायची असेल तर म हवेत सोडा आणि पहिली धी "ला" वर.